डावीकडचा झोपाळा

लेकीचं नाव नाचाच्या क्लासमध्ये घालायला म्हणून मी गेलो आणि पाच मिनिटांत देवावर बसलो.

झालं असं, की बडोद्यात, सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका बंगल्याच्या माडीवर भरतनाट्यमचा क्लास चालतो. खोली मोठी, लख्ख आणि जमिनीवर बसलेल्या मुलींखेरीज पूर्ण रिकामी. खुर्ची नावालाही नाही. टीचर गुजराती, वयानं माझ्याएवढ्याच असतील, पण माझ्यापेक्षा कितीतरी ताठ. "बेसो ने, भाई," म्हणाल्या. मी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीशी एक बुटकं लाकडी आसन होतं, त्याला हळदकुंकवाची बोटं लावलेली, वर जास्वंदीचं फूल. आमच्याकडे सणावाराला पाहुण्यासाठी पाट मांडतात, तो डोळ्यांसमोर आला. मनात म्हटलं, बघा, गुजराती बाई असून किती रीत सांभाळली आहे! फूल अदबीनं बाजूला ठेवलं आणि बसलो.

समोर बसलेल्या सगळ्या मुलींनी एकदम श्वास आत ओढला. माझ्या लेकीनं डोळे मिटून घेतले.

तो पाट नव्हता. टीचर काठी आपटून ज्याच्यावर ताल धरतात, तो ठोकळा होता. क्लास सुरू होण्याआधी प्रत्येक मुलगी त्याला हात लावून तो कपाळाला लावते. "वांधो नहीं" एवढंच म्हणून टीचरनी ठोकळा उचलला, पदरानं पुसला आणि नमस्कार करून परत ठेवला. मग शांतपणे फीचा आकडा सांगितला.

घरी आलो तर बायकोनं दारातच मला मागून पाहिलं. "अहो, कुठे बसून आलात? पँटवर कुंकू उमटलंय."

"क्लासमध्ये. फी फार नाही," मी म्हणालो.

फी खरंच फार नव्हती. पण त्या दिवसापासून टीचरनी काहीही मागितलं की मला 'नाही' म्हणता येईना. तोंड उघडावं, तर त्यांची नजर ठोकळ्याकडे जायची. निदान मला तरी तसं वाटायचं. आधी सरावाचा ड्रेस आला, तो एकाच दुकानात मिळणारा. मग घुंगरू आले. त्यांच्या पूजेला नारळ, विडा, फळं. वाढदिवस टीचरचा, भेट सगळ्या पालकांची, आणि वर्गणी गोळा करायचं काम माझं, कारण मी तिथे कशालाच नाही न म्हणणारा माणूस म्हणून प्रसिद्ध झालो होतो. मग गंगावन. सात वर्षांच्या पोरीला कमरेपर्यंत वेणी कशाला हवी, हे विचारायला गेलो आणि परत येताना दोन घेऊन आलो. एक जास्तीचं असावं म्हणून.

शिवाय क्लास सुटेपर्यंत बाहेर थांबायचं. थांबायचं म्हणजे कोपऱ्यावरच्या सेव-उसळच्या गाडीवर थांबायचं. लेक बाहेर आली की तिला भूक लागलेली असे, म्हणून तिच्याबरोबर पुन्हा एक प्लेट. नाचत होती ती, घाम मला येत होता. बायको म्हणायची, "या क्लासनं घरातलं एक माणूस बारीक होतंय आणि एक फुगतंय."

हे सगळं मी हसत सोसलं, कारण संध्याकाळी माझी वाट पाहणारा एक झोपाळा घरी होता.

बडोद्याच्या घरात झोपाळा असणं यात काही नवल नाही. पण हा माझ्या वडिलांचा. ते प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी सागवानी फळी आणि पितळी कड्या स्वतः पारखून घेतल्या आणि पुढची सगळी वर्षं जणू त्याच्यावरच काढली. ते गेल्यावर झोपाळा माझ्याकडे आला. हा फ्लॅट घेतला तेव्हा पलंग कुठे बसेल हे नंतर पाहिलं, आधी हॉलच्या छतात हुक बसवून घेतले. वाघोडियाच्या कारखान्यातून कंपनीच्या बसनं अंग मोडून घरी यायचं, हातात चहाचा कप घ्यायचा, पायानं फरशीला हलकंसं ढकलायचं, की दिवस संपला. बायको त्या वेळी मला काही सांगत नसे. म्हणायची, "आत्ता बोलून उपयोग नाही, साहेब प्रवासात आहेत."

दिवाळीच्या सुट्टीनंतर टीचरनी आम्हा नवराबायकोला बोलावलं. वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. मी या वेळी जमिनीवरच बसलो.

"भाई, एक वात विचारू?" टीचर म्हणाल्या. बडोद्यात जन्म गेल्यामुळे त्या मराठी छान बोलतात, फक्त काळजीत असल्या की मध्ये गुजराती येतं. "छोकरीचे पाय सरस. ताल सरस. पण हे बघा."

त्यांनी काठी उचलली. लेक नाचायला लागली. पाय खरोखर सुरेख पडत होते. उजवा हात ऐटीत बाहेर जायचा. डावा मात्र कोपरातच थांबायचा, शटल रिक्षात पाचवी सवारी होऊन बसल्यासारखा. आणि थोड्या थोड्या वेळानं ती मान झटकन उजवीकडे घ्यायची, की पुन्हा सरळ.

"मला समजत नाही," टीचर म्हणाल्या. "ही मान मी शिकवलेली नाही. बेटा, हे काय करतेस?"

लेक थांबली. तिला प्रश्नच कळला नाही. "डावीकडे झोपाळा आहे ना," ती म्हणाली. "बाबांचा झोका आला की मान घ्यायची."

खोलीत डावीकडे भिंतीपर्यंत काहीही नव्हतं. मी तरीही तिकडे पाहिलं.

आमचा हॉल केवढासा! उजवीकडे टीव्ही, डावीकडे मी. पोरगी रोज संध्याकाळी मधल्या पट्टीत सराव करायची, आणि मी चहा पीत, झोके घेत, मोठ्या कौतुकानं 'वा, वा' म्हणत तिच्या कानाजवळून ये-जा करत होतो. गेले कित्येक महिने.

टीचर हसल्या, पण मग म्हणाल्या, "स्टेजवर एकीनं मान फिरवली तर सगळी लाइन बिघडते. महिन्याभरात सुटलं तर घेईन. नाहीतर या वर्षी तिनं खाली बसून बघावं."

परतताना स्कूटर आपोआप सेव-उसळच्या गाडीशी थांबली. "नको," मागून लेक म्हणाली. "भूक नाही." मी एकट्यानं खाल्लं असतं, पण बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी किक मारली.

घरी बायको म्हणाली, "मी काही बोलणार नाही."

"बोल की."

"नाही. झोपाळा तुमच्या वडिलांचा, पोरगी तुमची. मी काय बोलू?"

मग मी तडजोडी सुरू केल्या. पहिले काही दिवस झोपाळ्यावर न हलता बसलो. न हलता झोपाळ्यावर बसणं म्हणजे काय शिक्षा असते, ते बसल्याशिवाय कळणार नाही. तरी पोरगी मान घेतच होती. मग सरावाच्या वेळी झोपाळा ओढून खिडकीच्या गजाला बांधला. तरीही ती मान घेई. "अगं, तो बांधलाय," मी म्हणालो. "सुटला तर?" ती म्हणाली. गाठ मी मारली होती आणि माझ्या गाठी तिला ठाऊक आहेत.

एका रविवारी सकाळी स्टुलावर चढलो आणि कड्या काढल्या. कुणी काढायला सांगितलं नव्हतं. फळी गॅलरीत नेऊन विटांवर ठेवली, कड्या जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात टाकल्या. दुपारपर्यंत बायकोनं त्या फळीवर लोणच्याच्या बरण्या मांडल्यासुद्धा. वडील असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करायला मी झोपाळ्यावर बसायला गेलो आणि मग आठवलं.

त्यानंतर प्लास्टिकच्या खुर्चीत चहा. पण पायांना कोण सांगणार? ते सवयीनं फरशीला रेटा द्यायचे, खुर्ची किंचाळत मागे सरकायची आणि चहा बशीत यायचा. लेक मात्र हळूहळू डावीकडे सरकायला लागली. आधी बोटं गेली, मग मनगट, मग एक दिवस अख्खा हात. मान घेणं सगळ्यात शेवटी सुटलं. महिना संपता संपता टीचरनी तिला पुन्हा नाचायला लावलं, आणि काठी खाली ठेवून म्हणाल्या, "चालशे."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. आमच्या पोरीला पाहायची तिकिटं आम्हीच काढली होती, आणि शूटिंगचे पैसे वेगळे भरले होते. पडदा वर गेला. लेक मधोमध, डोळ्यांत ढीगभर काजळ. टीचरनी कोपऱ्यात बसून त्याच ठोकळ्यावर ताल धरला आणि मी नकळत खुर्चीतून अर्धा उठलो.

मान सरळ. अगदी सरळ. बायकोनं माझा हात घट्ट धरला.

आणि मग डावा हात उघडला. इतके महिने कोपरात कोंडलेला तो हात असा काही बाहेर गेला, की शेजारच्या मुलीच्या कानामागे फाटकन बसला. तिचं गंगावन सुटलं, एका पिनेवर लोंबकळलं आणि खाली पडलं. ती मुलगी थबकली. आमची थांबली नाही. पुढच्या आवर्तनात तोच हात पुन्हा तेवढ्याच जोरात बाहेर गेला, पण आता शेजारचीनं झटकन मान बाजूला घेतली. आमच्या पोरीनं घ्यायची तशीच, हुबेहूब.

पहिल्या रांगेतून त्या मुलीच्या आईनं वळून पाहिलं. मी छताकडे पाहू लागलो. टीचर काठी आपटत होत्या, पण पदर तोंडात धरून.

नंतर पडद्यामागे जाऊन मी माफी मागितली आणि आमचं जास्तीचं गंगावन देऊन टाकलं. त्याचा तेवढा उपयोग झाला. परतीच्या वाटेवर लेकीनं सेव-उसळच्या दोन प्लेट खाल्ल्या, काजळासकट. घरी आल्यावर बायकोनं पिना काढल्या, पोरीचं तोंड धुतलं, मग गॅलरीचं दार उघडून फळीकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "उद्या मी बरण्या उचलते. तुम्ही झोपाळा टांगा परत. पोरीला डावीकडून थोडा धाक हवाय."