सांगलीला गेलो ते नऊ निळ्या नळ्यांसाठी

लोक सांगलीला जातात ते गणपतीच्या दर्शनाला, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. मी गेलो वेल्डिंग बघायला. पोस्टात पस्तीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसाला वेल्डिंगमधलं काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. माझी बायकोही तेच म्हणाली, आणि तरी तिनंच मला पाठवलं.

झालं असं की सोमवारी संध्याकाळी आमच्या लेकीचा, मुक्ताचा फोन आला. ती सांगलीजवळच्या एका कारखान्यात वेल्डिंग इंजिनिअर आहे. तिथं रासायनिक कारखान्यांसाठी मोठमोठे हीट एक्स्चेंजर बनतात. यावेळचं काम टायटॅनियमच्या नळ्यांचं होतं आणि पहिल्यांदाच सगळी जबाबदारी तिच्यावर. "बाबा, नऊ जोड निळे पडलेत. दोन दिवस कारण शोधतेय, सापडत नाही. गुरुवारी गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर येतोय. मला हे झेपत नाही. राजीनामा देऊन शनिवारी घरी येते."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "उद्या जा आणि तिच्याजवळ राहा. पण घेऊन येऊ नका. आज पळून आली तर पुढंही पळत राहील." एवढ्या सरळ सूचना मला पोस्टातही कधी मिळाल्या नव्हत्या.

मंगळवारी सकाळी सहाला पुण्याहून निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगतो: फास्टॅगमध्ये पैसे ठेवा, कराडपर्यंत तीन टोलनाके लागतात. साताऱ्याच्या पुढं रुंदीकरणाचं काम चालू आहे. डायव्हर्जन एवढी की आपण पुढं चाललोय की मागं, असा प्रश्न पडतो. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, कारण रिकाम्या हातानं लेकीकडं जायची पद्धत नाही. उंब्रजला मिसळ खाल्ली. झणझणीत होती, डोळ्यांतून पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर ते सगळंच काही मिसळीमुळं नव्हतं. पोरगी कधी हरल्यासारखी बोलत नाही हो. मालकानं विचारलं, "लय तिखट लागलं व्हय, काका? ताक देऊ?" ताक घेतलं. त्यानं त्याचे पैसे लावले नाहीत.

पेठ नाक्याला हायवे सोडून डावीकडं वळलात की आष्ट्यावरून सांगली. दोन्ही बाजूंनी ऊस. पण वाटेत ट्रॅक्टरच्या मागं अडकलात की हॉर्न वाजवून काही उपयोग नाही. मुक्ता राहते मुलींच्या वसतिगृहात, म्हणून मी स्टँडजवळ लॉज घेतला, बाराशे रुपये, गरम पाणी फक्त सकाळी.

बुधवारी मुक्तानं मला कारखान्यात नेलं. तो एक्स्चेंजर म्हणजे आडवं ठेवलेलं भलंमोठं पिंप, आणि त्यात उसाच्या मोळीसारख्या शेकडो नळ्या. नळ्यांतून एक द्रव जातो, बाहेरून दुसरा. उष्णता इकडची तिकडं जाते, पण दोघांनी एकमेकांत मिसळायचं नाही. म्हणून प्रत्येक नळीचं तोंड एका जाड चकतीला, म्हणजे त्यांच्या भाषेत प्लेटला, वेल्ड करतात. एक जोड गळला तरी सगळंच वाया.

टायटॅनियम हा धातू भारी सोवळा. तापला की हवा चालत नाही, म्हणून आरगॉन वायूच्या आडोशाला वेल्डिंग करतात. त्या खोलीत पंखासुद्धा बंद. आम्ही सगळे घामाघूम. उघड्या हातानं शिवायचं नाही, बोटाचं तेलही त्याला सोसत नाही. जोड रुपेरी आला तर उत्तम, फिकट पिवळा चालतो, निळा आला तर कापून काढा.

तिथं भीमराव भेटले. मुख्य वेल्डर, गाव उंब्रजजवळ, फौजेच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं काढलेली. आमची जुनी ओळख. गेल्या महिन्यात मी मुक्ताला भेटायला आलो तेव्हा त्यांच्या घरी जेवलो होतो. एरवी मला बघून मोठ्यानं हसणारा माणूस, आज नुसता "या साहेब" म्हणाला आणि कामाला लागला.

मुक्तानं चकतीचा नकाशा दाखवला. खराब जोडांवर लाल गोल. "सिलिंडर बदलला, पाइप बदलले, मशिन तपासलं. बाकीचे सगळे रुपेरी आणि एवढेच निळे. का?"

मी तो नकाशा हातात धरला. वरच्या बाजूला, मधोमध नऊ गोल. एक इथं, दोन तिथं, परत दोन, असे पाच पट्ट्यांत खाली उतरलेले. दसऱ्याला आपण शिलाई मशिनवर, मोटारीच्या बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं ओढतो ना, तशी.

मी नकाशा घाईनं खाली ठेवला. कारण ते कुंकू माझंच होतं. गेल्या महिन्यात येताना औंधला यमाईचं, आमच्या कुलदेवीचं दर्शन घेतलं होतं. तिथली कुंकवाची पुडी मी भीमरावांच्या हातात दिली होती आणि म्हणालो होतो, "पोरीचं पहिलं मोठं काम आहे. सुरू करताना लावा. तिला मात्र सांगू नका, ओरडेल." नंतर मी ते साफ विसरलो.

भीमरावांना बाहेर चहाच्या टपरीवर नेलं. "भीमराव, पुडी लावलीत?"

"लावली की," ते खाली बघत म्हणाले. "म्याडमनी प्लेट धुऊन पुसून ठेवली, त्या घरी गेल्यावर नारळाच्या पाण्यात कालवून पाच बोटं वढली. सकाळी फडक्यानं पुसली बी. डोळ्याला कायबी दिसत न्हवतं."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"आवं, तुमाला शब्द दिलता न्हवं. आन् देवीच्या कुकवानं काम बिघडंल, आसं मनातबी येईना. काल रातच्याला मातर डोळा लागला न्हाई."

आम्ही दोघं शाळेत पट्टी खायला निघालेल्या पोरांसारखे मुक्तासमोर उभे राहिलो. मी सगळं सांगितलं. तिनं नकाशा हातात घेतला, त्या पाच पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग मटकन खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"म्हणजे मशिन बरोबर आहे," ती म्हणाली. "माझी पद्धत बरोबर आहे. बाबा, इतके दिवस मला वाटत होतं, मला काही येतच नाही!"

मग ती उठली आणि तिचा आवाज बदलला. "भीमराव काका, नऊच्या नऊ कापून काढायचे. आजूबाजूच्या नळ्याही परत धुवायच्या. आणि बाबा, तुम्ही दाराच्या बाहेर." मी निमूटपणे बाहेर गेलो. इतक्या आनंदानं कुणी हाकललेलं मला आठवत नाही.

दुपारभर काम चाललं. चारच्या सुमाराला भीमरावांनी काचेतून अंगठा दाखवला. नऊही जोड रुपेरी.

गुरुवारी इन्स्पेक्टर आले. किडकिडीत, न बोलणारे गृहस्थ. आधी लाल रंग लावून चिरा शोधल्या, मग आतून हवा भरून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडा आला तर संपलं. मी दाराबाहेर उभा राहून यमाईचं नाव घेत होतो, तेही मनातल्या मनात. एकही बुडबुडा आला नाही.

"हे नऊ पुन्हा का केले?" त्यांनी विचारलं.

वारा लागला, वायू कमी पडला, असं काहीही सांगता आलं असतं. मुक्ता म्हणाली, "कुंकू लागलं होतं सर. साफ केल्यावर प्लेट झाकून कुलपात ठेवायला हवी होती. ते मी केलं नाही. आता नियम केलाय." भीमराव पुढं सरसावले, "न्हाई सायब, चूक माझी हाय." ती म्हणाली, "काका, थांबा."

इन्स्पेक्टरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "आमच्या गावाकडंही लावतात," एवढंच बोलले आणि सही केली. मी भिंतीला टेकलो.

संध्याकाळी भीमरावांनी भडंग आणलं, मी पेढे फोडले. मुक्तानं नवा नियम मोठ्यानं वाचून दाखवला: पूजा करायची तर बाहेर लाकडी पेटीवर करावी, प्लेटवर नाही. "काका, देवीला पेटी चालेल ना?" भीमराव गंभीरपणे म्हणाले, "चालंल की. तिला कुटं वेल्डिंग करायचंय?"

शुक्रवारी परतताना तासगाव, विटा, औंध, रहिमतपूर असा साताऱ्याला आलो. हा रस्ता लांबचा आहे, पण गर्दी कमी. तासगावात बेदाणे घ्या. औंधला यमाईच्या डोंगरावर गाडी जाते, तरी मी पायऱ्या चढलो. गुडघे कुरकुरले. वर वारा छान होता. देवीपुढं काही मागितलं नाही, नुसता बसून राहिलो. पुडीही घेतली नाही.

या प्रवासातून काय उरलं, हे मी गाडी चालवताना सारखा शोधत होतो. टायटॅनियमचं ज्ञान आठवड्यात विसरेन. ते "काका, थांबा" मात्र विसरणार नाही. मी तिला सांभाळायला गेलो होतो आणि तिथं तीच आम्हा दोन म्हाताऱ्यांना सांभाळत होती. इतकी वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी अलगद उचलून घेतल्यासारखं वाटलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बायको दारातच उभी. तिनं माझ्या मागं पाहिलं, गाडीत वाकून पाहिलं.

"एकटेच आलात?"

"एकटाच."

"देव पावला," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.