वाघरीच्या आडोशाची रोपं

न्हावऱ्याच्या शिवारात ज्ञानूची मेंढरं बसली नाहीत, असं रान मोजकंच निघेल. सुगी झाली की शेतकरी त्याला बोलावणं धाडीत. उघड्या रानात तो वाघर लावी, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि कळप रातभर तिथं बसे. सकाळी मेंढरं उठून पुढच्या रानाला लागत आणि मागं लेंड्यांनी काळी झालेली जमीन राही. "माझी मेंढरं बसली तिथं खताचं पोतं फोडायचं काम न्हाई," असं तो म्हणे. ऐकणारा हसला, तर त्याला राग येई.

आता मेंढरं नव्हती. चरायला माळ उरला नव्हता, जिकडंतिकडं ऊस. गेल्या दिवाळीआधी त्यानं कळप विकला. त्याची बायको म्हाळसा म्हणत होती, "अवो, एक पावसाळा थांबा." तो थांबला नाही. मागं राहिली ती पडवीत गुंडाळलेली वाघर, आणि घरामागचा लेंडीखताचा शेवटचा ढीग.

तेच खत मातीत कालवून म्हाळसानं मार्गशीर्षात वांग्याचं रोप टाकलं. बी तिच्या माहेरचं, इनामगावचं. घोड नदीच्या काठाला होणारं ते काटेरी वांगं; आई गेल्यापासून त्याचं बी एकट्या म्हाळसाकडं उरलं होतं. पुरचुंडी जुनी झालेली. उगवेल न उगवेल म्हणून तिनं होतं नव्हतं ते सगळं बी वाफ्यात पेरलं, आणि ते उगवलं. कोंबड्या शिरू नयेत म्हणून ज्ञानूनं भोवतीनं वाघर ओढली. उरलेली जाळी कोपऱ्यातल्या काठीवर दुमडून टाकली. जाळी मेंढरांची, खत मेंढरांचं. वाफ्यापाशी उभं राहिलं की त्याला कळप घरी आल्यागत वाटे.

मग दौंडला दिलेली लेक, धनश्री, बाळंतपणाला टेकली. एसटीत चढता चढता म्हाळसा म्हणाली, "रोपाला झारीनं पाणी घाला. दुसरं काय करू नका."

पौषाची थंडी पडली. रोपं होती तिथंच थबकली. पानं फिकी पडली, कडेनं पिवळी दिसू लागली.

शेजारचा मच्छिंद्र पाटसच्या कारखान्याला ऊस घालणारा बागायतदार. त्यानं मोटारसायकल थांबवली.

"ज्ञानूमामा, या वाफ्यात मेंढरं उपाशी बसली व्हती का वो?"

"का रं?"

"रोपाला कावीळ झाल्यावानी दिसतीया."

"थंडी हाय."

"थंडी काय तुमच्याच घरामागं पडती? माझी रोपं बघा या. पाण्यात इरघळणारं खत हाय, पंपात टाकायचं आन् पानावर मारायचं. पान लगीच पिऊन घेतंय. तुमची लेंडी मुळाला पोचंस्तवर रोप म्हातारं व्हायचं."

"माझ्या मातीवर वरनं पाजायची पाळी अजून आली न्हाई."

मच्छिंद्र हसला. तरी दुपारी तो खताची पिशवी आणि पाठीवरचा पंप ओट्यावर ठेवून गेला. "वाटलं तर मारा. पर कसं मारायचं ते मला इचारा आदुगर."

ज्ञानूनं म्हाळसाला फोन लावला. "पानं पिवळी पडल्यात."

"पडू द्या. थंडीत मूळ निजल्यालं असतंय. संक्रांत सरली, ऊन तापलं, की माती आपसूक देती. हात लावू नका."

"बरं," तो म्हणाला.

पण मन बरं म्हणेना. रोज सकाळी वाफा आणखीच पिवळा दिसे. रोपं गेली तर म्हाळसाच्या माहेरचं वांगं जगातून गेलं. आणि त्याहून खोल एक भीती त्याला खात होती: मेंढरं गेली तशी त्यांच्या लेंडीतली ताकदही गेली असली तर? जन्मभर आपण बोललो ते नुसतं तोंडाचंच असलं तर?

त्याला थंडीतली कोकरं आठवली. गारठलेलं कोकरू आईला लुचत नाही. अशा वेळी धनगर वाट बघत नाही, मेंढीचं दूध काढून कोकराच्या तोंडात पिळतो. जेवढं मलूल, तेवढं जास्त पाजतो. अशी किती कोकरं त्याच्या मांडीवर उठून उभी राहिली होती. मूळ निजलंय ना? मग पानाच्या तोंडात पिळू.

मच्छिंद्रला विचारायला त्याचे पाय गेले नाहीत. पिशवी त्यानं पंपात हात आखडता न घेता ओतली. आणि वेळ धरली भर दुपारची, कळपाला पाणी दाखवायची. पान न् पान निथळेपर्यंत तो मारत राहिला. कोपऱ्यात जाळीच्या दुमडीआड फवारा पोचला नाही, तिकडं त्यानं लक्षही दिलं नाही.

दिवस कलला तेव्हा पानांवर पांढरे डाग धरले होते. दुसऱ्या दिवशी कडा करपल्या. मग कोवळे शेंडे काळे पडले, आणि वाफा विस्तवावरून ओढल्यासारखा झाला.

मच्छिंद्र आला, खाली बसला. "केवढं टाकलं?"

"समदं."

"समदं? आन् कवा मारलं?"

"दुपारी."

"अवो मामा, पंपाला मूठभर बास व्हतं, आन् ते बी उन्हं उतरल्यावर." ज्ञानूला वाटलं, यानं हसावं. तो हसला नाही.

म्हाळसा नात झाल्याचा आनंद घेऊन आली. पिशवी खाली न ठेवताच ती घरामागं गेली. करपलेला एक शेंडा तिनं चिमटीत धरला, त्याचा चुरा झाला.

"मी सांगितलं व्हतं," ती म्हणाली.

"व्हय."

"मेंढरांच्या वक्ताला बी सांगितलं व्हतं."

तिनं पुन्हा ते काढलं नाही. काढलं असतं तर त्याला हलकं वाटलं असतं.

संक्रांत सरली. ऊन तापलं. आणि वाघरीच्या आडोशाला राहिलेली चार-दोन रोपं, ज्यांना कोणी काही पाजलं नव्हतं, ती आपोआप हिरवी झाली. पानं तळहाताएवढी, जाड, काळपट हिरवी. ज्ञानू रोज त्यांच्यापाशी बसे. माती खरी होती. मेंढरं खरी होती. जाताना त्यांनी मागं ठेवायचं ते सगळं ठेवलं होतं. कमी पडला होता तो एकटा ज्ञानू.

चैतात झाडं वांग्यांनी लवली. ज्ञानूला त्या वांग्याचं भरीत जिवापाड आवडे. पण म्हाळसानं एकही तोडलं नाही. वांगी झाडावरच पिकून पिवळी होऊ दिली, बियांसाठी. त्यानंही मागितलं नाही. भाकरी खाऊन तो घरामागं जाई आणि वाघरीची सुटलेली गाठ पुन्हा आवळून बांधी.