अस्वलासाठी घंटा

उन्हाळ्यात राजधानीतून, सोफियाहून, शहरी पोरं पाठीवर बोचकी घेऊन वर येतात, शेफ्केतच्या कॉफीच्या दुकानाबाहेर बूट काढून बसतात आणि हमखास विचारतात, "अंधार पडल्यावर या जंगलातून एकटं गेलं तर चालतं का हो?" शेफ्केत लगेच छाती फुगवतो. आमच्या रोडोपच्या डोंगरात कसली भीती, अस्वलाला लांबून आवाज द्यायचा, ते आपण होऊन वाट सोडतं, वगैरे वगैरे. मी तिथे असले तर पिशवी उचलून घरी येते. मला ते बोलणं ऐकवत नाही.

सेल्विये माझ्या समोरच्या घरातली. साब्री मेंढपाळाची एकुलती एक मुलगी. चाळिशी उलटलेली, बुटकी, रुंद हाडाची. हसली की माझ्या अंगणातल्या कोंबड्या दचकायच्या. नवरा स्पेनला संत्री तोडायला गेला आणि तिकडेच दुसऱ्या कोणाचा तरी झाला. गावातल्या बायका सांत्वनाला आल्या तर म्हणाली, "गेला तर गेला, घोरायचा फार." मग खालच्या मोठ्या गावात शिवणाच्या कारखान्यात लागली. दिवसभर फक्त पँटींचे खिसे शिवायचे. "जेमिले मावशी," मला म्हणायची, "अर्ध्या युरोपातले पुरुष माझ्या खिशात हात घालून फिरतात, आणि एकालाही माझं नाव माहीत नाही."

पूर्वी बस आमच्या गावापर्यंत यायची. आता गावात उरलोय आम्ही म्हातारे. आमच्यासाठी डिझेल कोण जाळणार? बस खालच्या वळणावर सोडते आणि निघून जाते. तिथून जंगलातली चढण. अर्ध्यावर एक झरा आहे. कोणीतरी आपल्या मेलेल्या मुलाच्या नावानं त्याला दगडी तोंड बांधलंय. आम्ही त्याला चेशमा म्हणतो. हिवाळ्यात सेल्विये बसमधून उतरायची तेव्हाच काळोख झालेला असायचा, आणि त्या वाटेवर ती एकटीच. फोन त्या झाडीत लागत नाही.

म्हणून साब्रीनं तिच्या कमरेला घंटा बांधली. त्याचा कळप मोठा होता, आणि कळपातल्या सगळ्या घंटा एकमेकींशी सूर जुळवून घडवलेल्या. पाय गेले तेव्हा त्यानं मेंढ्या विकल्या, घंटाही विकल्या, फक्त कळपापुढे चालणाऱ्या मेंढ्याची तेवढी ठेवली. हाताच्या मुठीएवढी, जाड आवाजाची. "अस्वल वाईट नसतं," त्यानं पोरीला सांगितलं, "भित्रं असतं. अचानक समोर उभी राहिलीस तर घाबरून मारेल. आधीच कळलं तर बाजूला होतं."

"म्हणजे मी मेंढी?"

"मेंढा. मेंढीला एवढी मोठी घंटा देत नाहीत."

संध्याकाळी त्याची शेगडी पेटवायला मीच जायचे. तो खिडकीशी बसलेला असायचा, आणि खिडकी बर्फातसुद्धा उघडी. मी कुरकुर करायचे, सगळी ऊब बाहेर जाते म्हणून. तो हात वर करून मला गप्प करायचा. मग खालून, फार खालून, तो आवाज यायचा. "चेशमा ओलांडला," साब्री म्हणायचा, "सूप गरम करायला ठेव." घेवड्याचं सूप उकळायला आणि सेल्विये दारात यायला एकच वेळ व्हायची. गावातल्या बाकीच्या घरांनाही तो आवाज ओळखीचा झाला होता. घंटा आली की दिवस संपला असं धरून लोक पडदे ओढून घ्यायचे.

आणि मग रुफात.

रुफात जंगलात लाकडं तोडायचा, घोड्याला जुंपून ओढून आणायचा. पन्नाशीचा, नातवंडं असलेला माणूस. शुक्रवारची नमाज चुकवणार नाही. विधवांच्या अंगणात सरपण फुकट टाकून जाणार. माझ्याही अंगणात टाकलंय, खोटं कशाला बोलू. त्या हिवाळ्यात तो संध्याकाळी चेशम्यापाशी थांबायला लागला. सेल्विये आली की मागून चालायचा. सुरुवातीला बोलायचा, हवापाणी, घोड्याचा खूर. मग बोलणं बंद केलं आणि नुसता मागे चालायला लागला. ती थांबली की थांबायचा.

पावाची गाडी आली की आम्ही सगळे चौकात जमतो. तिथे तिनं उघडपणे सांगितलं. शेफ्केत म्हणाला, "अगं मग बरंच झालं की! आयती सोबत मिळाली. अस्वल फिरकणार नाही."

"मला अस्वल परवडलं, शेफ्केत."

सगळे हसले. तिची बोलायची रीतच तशी, त्यामुळे लोकांना तो विनोद वाटला. मी तिला म्हटलं, त्याच्या बायकोच्या कानावर घाल. तिनं घातलं. बायकोनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "नवरा पळालेल्या बाईला सगळीकडे पुरुषच दिसणार." दार लावून घेतलं.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी साब्री म्हणाला, "घंटा थांबली." मला काही कळलं नव्हतं, मी कांदा चिरत होते. थोड्या वेळानं आवाज पुन्हा आला. सेल्विये घरात आली तेव्हा त्यानं विचारलं, "चेशम्यापाशी थांबलीस का गं?"

"बुटाची नाडी सुटली, बाबा."

सूप तिनं प्यायलं नाही. मी निघाले तेव्हा अंगणापर्यंत सोबत आली आणि हळू आवाजात सांगितलं. रुफातनं पुढे येऊन तिच्या कमरेची घंटा मुठीत धरली होती. "बघ," तो म्हणाला होता, "आता तू कुठे आहेस ते कोणालाच माहीत नाही." मग हसला आणि सोडून दिली. एवढंच. दुसरं काही केलं नाही.

"बाबांना सांग," मी म्हटलं.

"काय करतील? पाय आहेत का त्यांना? तिथे बसून झुरतील."

मग तिनं मेंढपाळाच्या पोरीला सुचेल तेच केलं. दुसऱ्याच्या कुरणातून चोरून कळप न्यायचा असला की मेंढपाळ घंटांमध्ये लोकर कोंबतात. तिनं बसमधून उतरल्यावर घंटेत लोकर कोंबली. विचार असा की चेशमा मागे पडला की काढून टाकायची, म्हणजे बाबांना गावाजवळचा आवाज तरी ऐकू येईल. पण चेशम्यापाशी तिला सिगारेटचा लाल ठिपका दिसला. ती वाट सोडून एका बीच झाडाच्या जाड खोडामागे उभी राहिली आणि तिथेच राहिली.

वर साब्रीचा जीव टांगणीला लागला होता. सूप उकळून आटलं. त्यानं खिडकीतून अशी आरोळी ठोकली की अख्ख्या गल्लीत दिवे लागले. पुरुष विजेऱ्या, काठ्या घेऊन खाली धावले. तेवढ्यात चढणीवरून रुफात घोडा घेऊन येताना दिसला. त्याला सांगितलं तर घोडा कुंपणाला बांधून तोच सगळ्यांच्या पुढे गेला. जंगल त्याच्याइतकं कोणाला माहीत!

तासाभरानं तिला घेऊन आले. अंगात थंडी भरलेली, पण धडधाकट. साब्रीच्या खिडकीखाली सगळे जमले आणि मग प्रत्येकाला ओरडायची उबळ आली. घंटेतली लोकर शेफ्केतनं उपसून सगळ्यांना दाखवली. "वेड लागलंय का तुला? म्हातारा मेला असता! अस्वलाची भीती नाही वाटत?"

"घंटा ऐकली की अस्वल लांब जातं," सेल्विये म्हणाली. "हा जवळ येतो."

तिनं बोट दाखवलं नाही, नुसतं रुफातकडे पाहिलं. रुफातनं हसून खांदे उडवले. "घ्या! सोबत करायला जावं तर हे ऐकायचं." दोघं-तिघं त्याच्याबरोबर हसले, सुटल्यासारखे. मी वर पाहिलं. साब्री खिडकीत होता आणि त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सेल्वियेला म्हणाला, मला शेफ्केतकडे ने. पाय गेल्यापासून तो तिकडे गेला नव्हता. आम्ही दोघींनी त्याला सरपणाच्या हातगाडीत घोंगडी अंथरून बसवलं आणि ढकलत नेलं. आत सगळे होते, रुफातही. साब्रीनं घंटा त्याच्या पुढ्यात, कॉफीच्या कपाशेजारी ठेवली.

"मी जन्मभर मेंढ्या राखल्या," तो म्हणाला. "ज्याच्यावर नजर ठेवायची असते, त्याच्या गळ्यात घंटा बांधायची, हे मला कळायला हवं होतं. मी पोरीच्या कमरेला बांधली. घे. आता तुझ्या गळ्यात बांध."

रुफातचा चेहरा पहिल्यांदा उतरला. त्यानं घंटेला हात लावला नाही. उठला, दाराशी जाऊन वळला, आणि शेफ्केतला म्हणाला, "सगळ्यांची कॉफी माझ्याकडून." आणि गेला.

आणि त्यांनी ती कॉफी प्यायली. एकानंही कप बाजूला सारला नाही. मी हे मरेपर्यंत विसरणार नाही.

घंटा साब्रीनं परत घेतली नाही. शेफ्केतनं ती उचलून साखरेच्या बरणीशेजारी फळीवर ठेवली. सेल्वियेनं खाली कारखान्याजवळ एका म्हातारीकडे खोली घेतली. रविवारी उजेडात यायची, पटाटनिक, आमची बटाट्याची जाड पोळी, भाजून ठेवायची, बापाची नखं कापायची, आणि उन्हं कलायच्या आत उतरून जायची. हसणं कमी झालं होतं. इतर दिवशी मी शेगडी पेटवायला गेले की साब्री खिडकीशीच असायचा.

"आज सोमवार आहे, साब्री. ती नाही यायची. लाव ती खिडकी."

"माहीत आहे. राहू दे उघडी."

फेब्रुवारीत त्याची छाती भरली. बर्फ एवढं की दवाखान्याची गाडी वर चढेना, शेफ्केतची खाली उतरेना. मी सेल्वियेला फोन केला. ती म्हणाली, शेवटच्या बसनं येते. "अगं, सकाळी ये," मी म्हटलं. तिनं विचारलं, "सकाळपर्यंत आहेत का ते?" मी वळून साब्रीकडे पाहिलं. "मग येतेच. त्यांना सांगून ठेवा."

मी साब्रीच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यानं डोळे उघडले. "खिडकी," म्हणाला. मी उघडली. बाहेर काळोख आणि बर्फाची ती गच्च शांतता. तो ऐकत होता. श्वास घरघरत होता, त्यामुळे मध्येच श्वास रोखून ऐकायचा. "आवाज आला का?"

"घंटा नाहीये तिच्याकडे, साब्री. पण येतेय ती. बसमध्ये बसली आहे."

"हो," म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, "आवाज आला का?" मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं नुसते ओठ हलवले, मला कळलं काय विचारतोय ते. मग श्वास रोखला आणि तो परत सोडलाच नाही. मला आधी वाटलं, ऐकतोय.

सेल्विये आली तेव्हा मी त्याचे डोळे मिटवले होते. गुडघ्यापर्यंत बर्फ, पापण्यांवर बर्फ. चेशम्यापाशी तिला घोड्याचं फुरफुरणं ऐकू आलं होतं. घोड्याबरोबर कोण होतं, होतं की नव्हतं, तिला माहीत नाही. ती खोडामागे उभी राहिली, तोंडावर हात दाबून, सगळं शांत होईपर्यंत. घंटा कमरेला असती आणि ती बेधडक चालत आली असती, तर तो आवाज बापाच्या कानावर कधीच पडला असता. तिनं एवढंच विचारलं, "काही म्हणाले का?"

"आवाज आला का, म्हणून विचारत होते."

ती जमिनीवर बसली. बर्फ वितळून तिच्याभोवती पाणी झालं, तरी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी पुरुषांनी जनाजा उचलला. आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत, घरात थांबतात. आम्ही दोघी त्याच खिडकीशी उभ्या होतो. गावात पुरुष उरलेत किती, जो तो खांदा द्यायला पुढे झाला. पुढच्या बाजूला, उजव्या खांद्यावर घेऊन, मान खाली घालून रुफात चालत होता. शेफ्केत त्याच्या शेजारी. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला शिवी हासडावीशी वाटली, पण दारात मयत असताना तोंड उघडता येत नाही.

"याच्या खांद्यावरून चाललेत बाबा," सेल्विये म्हणाली. जनाजा वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली, मग हात लांब करून खिडकी ओढून घेतली आणि कडी घातली. त्या घरातली ती खिडकी हिवाळ्यात बंद झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.