घोषणा नकोत, अनुभव लिहा

माझे मामा गेनबा रेणुसे अग्निशमन दलातून तांडेल म्हणून निवृत्त झाले, त्याला नऊ वर्षे झाली. तांडेल म्हणजे बंबावरच्या माणसांचा म्होरक्या. आपण निवृत्त झालो आहोत ही बातमी मात्र त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. हॉटेलात बसण्यापूर्वी ते मागचे दार उघडते का ते पाहतात. लग्नात मांडवाच्या विजेच्या तारा तपासतात. गळ्यात पांढऱ्या गोफात अडकवलेली पितळी शिट्टी असते आणि मी गाडी मागे घेताना ते ती वाजवतात, आरसा असूनही, कॅमेरा असूनही.

त्यांच्या चुलतभावाचा नातू प्रेम सैन्यात आहे. या खेपेस तो सुट्टीवर गावी, पासलीला, आला तेव्हा त्याने सांगितले, की गेल्या हिवाळ्यात बर्फातल्या त्यांच्या चौकीवर रॉकेलची शेगडी भडकली, खोली पेटली आणि सार्थक नावाच्या त्याच्या जोडीदाराचे दोन्ही पाय भाजले. मामांनी त्याला तीनच प्रश्न विचारले. आग कशी लागली, दारे किती होती, तेलाचा डबा कुठे होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि मला, म्हणजे त्यांच्या भाचीला साराला, फोन केला.

"सारे, रविवारी गाडी काढ. भोरपासनं वेल्ह्यापर्यंत जेवढी फायर स्टेशनं हायेत तेवढी फिरायची."

"कशासाठी, मामा?"

"आमाला बी लोक जवानच म्हंत्यात ना? मग ह्या जवानांनी त्या जवानांना चार कामाच्या गोष्टी सांगू नयेत व्हय?"

वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले होते, "बंद खोलीत आग लागली तर माणूस कसा वाचतो? आपला अनुभव लिहा. घोषणा नकोत." पुढची चौदा पाने त्यांनी स्वतःच भरून टाकली होती. प्रेमची सुट्टी त्याच रविवारी संपत होती. वेल्ह्याहून पाचच्या एसटीने तो निघणार होता. त्याआधी वही त्याच्या हातात पडायला हवी, एवढे एकच काम होते.

ज्या केंद्रांवर आम्ही गेलो त्यांची नावे मी लिहीत नाही. माणसे चांगली होती. चूक झाली असेल तर आमच्या येण्याच्या रीतीची.

पहिल्या केंद्रात मामांनी नमस्कार केला आणि थेट बंबाच्या मागे जाऊन होजचा, म्हणजे पाण्याच्या नळीचा, एक जोड हातात घेतला.

"ह्यो शेवटचा साफ कवा केला?"

ड्यूटीवरचा बंडू नावाचा तरुण चहाचा कप खाली ठेवून उठला. "आपण कोण?"

"मी कोण त्याचं काय घेऊन बसलास? पाणी गळायला लागलं की ते विचारणारे का, तांडेल कोन व्हता म्हून?"

पुढची वीस मिनिटे मामा तपासत होते आणि बंडू त्यांच्यामागून फिरत होता. त्यानंतर मामांनी वही पुढे केली. बंडूने साहेबांची परवानगी लागेल असे सांगितले. मी फोनवरून साहेबांची समजूत घातली. तेव्हा त्याने मन लावून, रंगीत पेन शोधून, एक संपूर्ण पान भरून लिहिले, "जय जवान, जय किसान." खाली गुरकावणारा वाघ काढला.

दुसऱ्या केंद्रात आम्हाला पाहुण्यांसारखे वागवले. तिथे कोणी काही लिहिण्याआधी फोटो काढायचे ठरले. झेंडा आला, मामांना मधोमध उभे केले गेले, मग कुणाची तरी टोपी राहिली म्हणून पुन्हा सगळे उभे राहिले. शेवटी एकाने मोबाईलमध्ये पाहून चार ओळींचा शेर उतरवला आणि बाकीच्या सहा जणांनी त्याखाली सह्या केल्या. तिसरे केंद्र एका कारखान्यातले होते. तिथल्या अधिकाऱ्याने मामांची चौदा पाने गंभीरपणे चाळली आणि शेवटी शिक्का मारला. शिक्क्यावर होते, "तपासले."

गाडीत बसल्यावर मामांनी वही डॅशबोर्डवर आपटली.

"वाघ काढलाय भाड्यानं! वाघ काय आग इझवतोय?"

"मामा, तुम्ही आधी माणसाचा पाणउतारा करता आणि मग त्याच्याकडे मदत मागता. तो वाघच काढणार."

"मग काय गळका जोड बघून गप बसू?"

"आजच्या दिवस बसायचं होतं."

नसरापूर मागे पडले. मी मनात हिशेब करत होते तो वेळेचा, आणि तो जमत नव्हता.

साडेतीनला मार्गासनीत चहाला थांबलो. टपरी लीलाबाईंची. मागे घर, घराला लागून गोठा. मामांनी चहा सांगण्यापूर्वी विचारले, "वेल्ह्याला फायर स्टेशन कुठं हाय, बाई?"

"ते मला नाय म्हाईत. आमच्याकडं आग लागली की आमीच फायर स्टेशन."

"तुमी काय करता?"

"काय करणार? वरडतो, आन् पळतो." त्या हसल्या. मग चहा गाळता गाळता म्हणाल्या, "दोन सालामागं गोठा पेटला व्हता. म्या आपली म्हशीचं दावं सोडत बसले. जनावर भ्यालं की वढ घेतंय, वढीनं गाठ आवळती. जेवढी सोडाय जावं तेवढी आवळती. हात भाजलं माजं. मग मालक आलं, एका घावात दावं तोडलं. तवापास्नं कोयता गोठ्याच्या खांबाला, ह्या मेढीलाच खोचलेला असतोय. दावं सोडायचं न्हाई. तोडायचं."

मामांचा कप ओठांशी थांबला. "सारे, लिही."

मी लिहिले. खाली नाव घालायला विचारले तेव्हा लीलाबाई लाजल्या. "माजं नाव कशाला? मिल्ट्रीत म्हशी हायेत का?"

गाडी सुरू करताना मीही तेच विचारले. प्रेमला दाव्याचा काय उपयोग?

"मला म्हाईत न्हाई," मामा म्हणाले. "पर सकाळपास्नं पयल्यांदा कुनीतरी कायतरी सांगितलं."

वेल्ह्याच्या स्टँडवर पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. एसटी लागलेली होती. प्रेम पाठीवरचा पिट्टू खाली ठेवून आमचीच वाट पाहत होता. मामांनी वही त्याच्या हातात दिली आणि तो ती वाचेपर्यंत समोर उभे राहिले.

"आबा, ही चौदा पानं तुमचीच."

"वाच."

"'पाण्याची बादली दाराशी भरून ठेवावी.' आबा, तिथं बादलीचा घडीभरात दगूड हुतोय."

"मग वाळू ठिवा."

"वाळू कुठनं आणू? बर्फ हाय, पायजे तेवढा."

मामांचा चेहरा उतरला. प्रेम हसत हसत पाने उलटत गेला. वाघ, शेर, सह्या, शिक्का. मग एका पानाशी तो थांबला आणि त्याचे हसू गेले.

"हे कुनी सांगितलं?"

"मार्गासनीच्या चहावालीनं."

प्रेमने ते पान पुन्हा वाचले. "सार्थक झोपायच्या पिशवीत व्हता, आबा. चेन अडकली. त्यो चेन उघडत बसला. म्या बी वढत बसलो. जेवढी वढावी तेवढी अडकायची." त्याने पायाशी ठेवलेल्या पिट्टूकडे बोट केले. "चाकू माज्या पिट्टूत व्हता. दोन हातांवर."

कंडक्टरने आत बसायला सांगितले. कोणीच हलले नाही.

"हे तू मला आधी का न्हाई सांगितलंस?" मामांचा आवाज चढला होता.

"तुमी इचारलं कुठं? आग कशी लागली ते इचारलंत. मानूस कसा अडकला ते न्हाई इचारलंत."

मामांनी गळ्यातला गोफ काढला. शिट्टी सोडवून खिशात टाकली आणि नुसता गोफ प्रेमच्या हातात दिला.

"चाकू पिट्टूत न्हाई ठिवायचा. ह्यात बांध आन् गळ्यात घाल. झोपताना बी."

प्रेमने तो तिथल्या तिथे गळ्यात घातला. मग त्याने लीलाबाईंचे पान वहीतून जपून फाडले, घडी करून खिशात ठेवले आणि वही मामांना परत दिली.

"बाकीचं ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. वजन हुतंय, आबा."

एसटी गेली. परतीच्या वाटेवर मामा मांडीवरच्या वहीची पाने उलटत होते. मला वाटले, प्रेमच्याच विचारात असतील.

"माजी चौदाच्या चौदा पानं परत केली बघ त्यानं," ते म्हणाले.

मार्गासनीत त्यांनी गाडी थांबवायला लावली. लीलाबाईंचे आभार मानायचे असतील म्हणून मी थांबवली. मामा टपरीवर न थांबता थेट गोठ्यात गेले आणि तिथूनच ओरडले, "बाई! मेढीला कोयता कुठं हाय?"

"आवं, नारळ फोडाय घेतला व्हता आत्ताच!"

मी स्टिअरिंगवर डोके टेकले. मामांचा हात सवयीने गळ्याशी गेला, तिथे काही सापडले नाही, आणि ते शिट्टीसाठी सगळे खिसे चाचपू लागले. ती हाताला लागेपर्यंत लीलाबाई कोयता मेढीला खोचून, पुन्हा चहा ठेवायला निघूनही गेल्या होत्या.