दरडोई उत्पन्नाला हरवलं तो दिवस

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. उल्हासनगरच्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती आणि मी, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी, स्टेजमागे उभी होते...

विषय होता, 'गरीब देशाची प्रगती दरडोई उत्पन्नावरूनच मोजावी'. मी विरोधात बोलणार होते.

बाबा अंबरनाथला कारखान्यात होते. बी.ए. झालं की नोकरी धर, असं त्यांनी सांगून टाकलेलं. मला मात्र अर्थशास्त्रात एम.ए. करायचं होतं. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट संपवून ते तसेच आले आणि हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मला स्टेजवर ते पहिल्यांदाच ऐकणार होते.

माझ्या आधीचा मुलगा मुंबईच्या कॉलेजचा. फाडफाड बोलला... "उत्पन्न हा ठोस आकडा आहे. बाकी सगळ्या भावना!" केवढ्या टाळ्या पडल्या! मग माझं नाव पुकारलं.

मी म्हटलं, "मीही आकडेच आणलेत. किती मुली शाळेत जातात, किती तान्ही बाळं पहिला वाढदिवस बघतात, माणूस किती जगतो... श्रीलंकेचं उत्पन्न कमी, पण तिच्याहून श्रीमंत कित्येक देशांपेक्षा तिथली माणसं जास्त शिकतात, जास्त जगतात."

तेवढ्यात पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे दिसले, इथल्या जुन्या निर्वासित कॅम्पातले सिंधी कारखानदार शेठजी. तोंडातून निघूनच गेलं, "शेठजींना धरून या हॉलची सरासरी काढली, तर आज आपण सगळेच श्रीमंत! पण घरी न्यायला गाडी फक्त त्यांनाच येणार..."

मेले, असं वाटलं. आणि शेठजीच खो खो हसत ओरडले, "सही बोली, बेटी!" मग काय, पोरांनी हॉल डोक्यावर घेतला.

पहिला नंबर माझा!

बाहेर बाबांनी करंडक हातात घेऊन उलटसुलट बघितला. "ते तान्ह्या बाळांचं बोललीस ना, ते पटलं मला," म्हणाले. करंडक माझ्या हातात देत हळूच विचारलं, "एम.ए.ला कुठं जावं लागतं गं?"

पुढे एम.ए. केलं, आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. देश किती पुढे गेला ते मोजायच्या अनेक पद्धती वर्गात समजावल्या... आमचं घर मात्र त्या संध्याकाळी, बाबांच्या त्या एका प्रश्नाने पुढे गेलं. थँक्यू, बाबा.