रिकाम्या गोलात चेंडू

मैत्रिणींनो, स्पेनच्या हँडबॉल लीगचा हंगाम आज संपला. यांच्या माघारी यांच्या आवडत्या संघाचे सामने मी शारजात बघते आणि निकाल यांच्या फोटोला सांगते. तेवढंच आमचं बोलणं उरलंय.

आज एका गोलने मागे होतो. शेवटी गोलकीपरला बाहेर बसवून पुढे एक खेळाडू वाढवला. अशा वेळी हे म्हणायचे, "अगं बघ, घर उघडं टाकून निघाले." समोरच्यांनी चेंडू लांबूनच रिकाम्या गोलात टाकला. हरलो, आणि आमचा संघ खालच्या लीगमध्ये गेला.

"आई, ती लीग इथे दिसत नाही. खलास. व्हॉट विल यू वॉच नाउ?" मुलाने विचारलं.

फोटोसमोर जाऊन उभी राहिले आणि तशीच परत आले. मैत्रिणींनो, तुम्ही सांगितलं असतं का?