काचेखालचं घर

आमच्या मांडवीतल्या फोटोवाल्या काकांची बोटं कायम पिवळी. फोटोला रसायनं नकोत म्हणून ते रद्दीच्या लगद्याचा कागद करतात, त्याला हळद फासतात आणि वर फोटोची फिल्म आणि काच ठेवून उन्हात छापतात. फोटो मात्र मोजकेच काढतात. का विचारलं, की म्हणतात,

"जे ऱ्हाणार हाय, त्याचा फोटू कशाला? उगाच कागद फुकट!"

त्यांनी किनाऱ्यावरची सुरूची झाडं छापली, ती पुढच्याच पावसाळ्यात समुद्राने नेली. मग शेजारची विहीर छापली. वर्षभरात तिचं पाणी खारट झालं.

काल ते समुद्राकडे पाठ करून आमच्या घरावर कॅमेरा रोखून उभे होते.

"काका, चहा घ्या!" मी हाक मारली.

चहाला कधीच 'नाही' न म्हणणारा माणूस माझ्याकडे न बघताच निघून गेला.

आज सकाळपासून त्यांच्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर, काचेखाली, आमचं घर उन्हात ठेवलंय.